झोप लागते का?

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं गेलास आणि डबा ओट्यावरच राहिला. मारामारीच्या पिच्चरांचं एडिटिंग करतोस म्हणून तुझ्या कामाला ‘रक्ताचा धंदा’ असं मी बोलायला नको होतं. तुझी माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भांडण उकरायला लिहीत नाही. झोप लागते का, एवढंच विचारायचं होतं.

लोकांनाच हे रक्त पाहायचं असतं, असं तू म्हणालास. खरंय, पण अर्धं. टॉकीजात पिच्चर चालवताना केबिनच्या झरोक्यातून पडद्यापेक्षा माणसं जास्त दिसतात. सुरा उगारला की हात डोळ्यांवर जातात, पण बोटांत फट राहतेच. पोतराजानं आसूड ओढला की रिंगण मागं सरतं, मोडत नाही. वळ दिसायच्या आधी आवाजानंच काटा येतो. अंग घाबरतं, पण आपल्याला काही होणार नाही हे मनाला पक्कं ठाऊक असतं. ती धडधड लगेच विरत नाही, खलनायक पडला की शिट्ट्यांतून बाहेर पडते. खऱ्या मरणात असला आडोसा नसतो. १९९३ ला भूकंपानंतर किल्लारीहून आल्यावर दादांनी महिनाभर पेपर उघडला नाही, आणि तेच दादा मारामारीच्या पिच्चरला पहिल्या रांगेत!

नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनीनं तरी काय केलं? बीभत्साला रसांत पाट मांडून दिला, आणि युद्ध, मरण रंगमंचावर दाखवू नका, प्रवेशकातून, म्हणजे अंकांमधल्या छोट्या प्रसंगात पात्रांच्या बोलण्यातून कळवा, असंही सांगितलं. ‘शोले’त (१९७५) इमामाच्या पोराचा, अहमदचा खून दिसतच नाही. गब्बर हातावरची मुंगी मारतो आणि पुढं घोड्यावरून प्रेत गावात येतं. मधलं सगळं बघणाराच मनात रंगवतो, आणि तिथं डोळे मिटून भागत नाही.

तुझ्या कामातलं मी काय सांगणार, तरी सांगतो. सेकंदाला २४ फ्रेमा. ठोसा बसतो तिथल्या एक-दोन काढल्या की मार जड लागतो, जास्त काढल्या तर नुसता झटका दिसतो. हाड मोडल्याचा आवाज सेलरीच्या दांड्याचा, सुऱ्याचा आवाज खरबुजाचा, हे तुला ठाऊकच आहे. पण तोच घाव शंभरदा पाहिला की अंगाला सवय होते. मग सीन मिळमिळीत वाटायला लागतो. तू चार फ्रेमा वाढवतोस, आवाज चढवतोस, आणखी रक्ताचा शॉट घालतोस. नव्यानं बघणाऱ्याला तेवढ्यात ओकारी येते, तो गोष्टीतून बाहेर पडतो आणि रक्त फार गुलाबी आहे का ते बघत बसतो. म्हणून पहिली जुळणी आवाज बंद ठेवून कर. दोन दिवस हात लावू नकोस. मग सीन न पाहिलेला माणूस बसव आणि पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघ. तो नजर कुठं वळवतो ती फ्रेम लिहून ठेव. तुझी स्वतःची किळस हेच तुझं माप आहे, बाबा. ती बोथट झाली तर कशानं मोजशील?

बघ, लागलो पुन्हा शिकवायला. राग मानू नकोस. पोतराज आला की तू माझ्या पायजम्याला धरून विचारायचास, ‘त्याला लागतं का हो?’ आसूड थांबला तरी विचारायचास. रात्री अंथरुणातही तेच. तेव्हा मी वैतागायचो.

पिच्चरच्या पाट्यांमध्ये तुझं नाव आलं तेव्हा मायनं टीव्ही थांबवून फोटो काढला. चष्मा पुसून मीही बघितलं, तिला सांगू नकोस. सोनूला मात्र तो पिच्चर दाखवायचा हट्ट करू नकोस. त्यावर यूए १६+ आहे आणि पोरगं अकराचं आहे.

परवा गण्या मुंबईला निघतोय. त्याच्या हाती धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतो, धपाटे आधी संपव. रात्री तोच सीन डोळ्यांपुढं येत असेल तर फोन कर. दोन वाजले असले तरी कर, मी जागाच असतो.

तुझा,
बाबा