लॉट नंबरांची बेरीज कोण करणार? ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

सोयाबीन उगवले नाही की परभणी-हिंगोलीकडचा शेतकरी आधी दुकानदाराकडे जातो, मग तालुका कृषी कार्यालयात, आणि दुबार पेरणीची तजवीज झाल्यावर कधीतरी वकिलाकडे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याच्यासाठी दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत यंत्रणा दिली आहे. गाडे अडते ते जिल्ह्यात, आणि तिथल्या बऱ्याच दोऱ्या राज्याच्या हाती आहेत.

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे आधी. मालासाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणे इथे चालतात, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि शेतकरी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल होते. विरुद्ध पक्षाला म्हणणे मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. नोटीस बजावल्यापासून तीन महिन्यांत निकाल, माल तपासायचा असेल तर पाच, असे कायदा म्हणतो. पण कलम ३६ प्रमाणे अध्यक्ष आणि किमान एक सदस्य एकत्र बसल्याशिवाय कामकाज होत नाही. अध्यक्षपद रिकामे झाले की शेजारच्या जिल्ह्याच्या अध्यक्षांकडे कार्यभार देता येतो, आणि मग आठवड्यातले दोन-तीन दिवस नुसत्या तारखा पडतात. मुदत कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. जाहिरात मात्र खुर्ची रिकामी झाल्यावर निघते.

आता पुराव्याचे. सदोष मालाचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि ४५ दिवसांत अहवाल मागवायचा, अशी कायद्यात सोय आहे. पंख्याला ती लागू पडते. ३० किलोची बॅग एकरभर पेरल्यावर नमुना आणायचा कुठून? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे की शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही. मग सगळी भिस्त बियाण्याच्या तक्रारी तपासणाऱ्या तालुका समितीच्या पंचनाम्यावर. तो नेमका इथे फसतो: वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असेल तर सोयाबीन आठवडाभरात वर येते, समिती त्यानंतर कितीतरी दिवसांनी येते, तोवर रानात पुन्हा पाळी घातलेली असते. बिलावर लॉट नंबर, म्हणजे बियाणे कोणत्या खेपेतले ते सांगणारा क्रमांक, नसतो. पंचनाम्यात ‘पेरणी खोल, पाऊस अपुरा’ एवढेच लिहिलेले. किती सेंटिमीटर खोल, महसूल मंडळात किती मिलिमीटर पाऊस, शेजारच्या रानात दुसऱ्या लॉटचे उगवले का, याची नोंद नाही. कंपनीच्या वकिलाला आणखी काय हवे!

पंचनाम्याच्या छापील नमुन्यात हे रकाने सक्तीचे करावेत, बॅगेवरची खूणचिठ्ठी बिलासोबत जोडावी आणि सहीची प्रत शेतकऱ्याला जागेवरच द्यावी. कृषी खाते आपले नाही, हे खरे. पण ग्राहक शेतकरीच आहे.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. एकाच लॉटचे बियाणे जालना, बीड आणि लातूरमध्ये उगवले नाही, तरी ते तीन वेगळे पंचनामे राहतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २४ जुलै २०२० रोजी स्थापन झाले ते अशाच, अनेकांना एकदम बाधणाऱ्या प्रकरणांसाठी. महासंचालकांची अन्वेषण शाखा त्याच्याकडे आहे, माल परत मागवण्याचा आदेश ते देऊ शकते. आणि कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारी आपल्या हद्दीत चौकशी करून त्याला अहवाल पाठवू शकतात, तर कलम १७ प्रमाणे तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक कक्षात हे कलम सांगून पाहा. अर्ज पुरवठा शाखेकडे जातो, तिथून कृषीकडे, आणि तिथून परत. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात, वर्षात किमान दोन बैठका बंधनकारक आहेत. त्यातली एक जूनअखेर घेऊन लॉटनिहाय तक्ता तिच्यापुढे ठेवायला लावा.

डीएपी खतासोबत नको ते औषध गळ्यात मारण्याचे लिंकिंग हा वेगळा रोग. त्यासाठी स्पर्धा कायदा, २००२ आहे. भारतीय स्पर्धा आयोगाकडे राज्य सरकार स्वतः संदर्भ करू शकते. एकट्या शेतकऱ्याला बाजारावरचा परिणाम सिद्ध करणे झेपत नाही, सरकारकडे दुकानवार साठ्याच्या नोंदी असतात.

मराठवाड्यातल्या आठही जिल्हाधिकाऱ्यांना कलम १६ची कार्यपद्धती, एक जबाबदार अधिकारी आणि तक्त्याचा नमुना परिपत्रकाने कळवावा. चाड्यावर मूठ धरण्याआधी, मे महिन्यात तो तालुक्याला पोचला पाहिजे.

आपले,
मराठवाड्यातील ग्राहक कार्यकर्ते व वकील