कोयनेलला फुलू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सोलापुरात अनेक वसाहती, शाळा आणि कार्यालयांच्या आवारांना कोयनेलचे कुंपण आहे. तरीही त्याचे फूल कसे असते, हे फार थोड्यांना सांगता येईल, कारण दर महिन्या-दीड महिन्याने कात्री चालवून आपण या झुडपाला भिंतीसारखे सपाट ठेवतो. कोयनेलच्या कळ्या नव्या फुटीवर पानांच्या बेचक्यांत येतात आणि प्रत्येक छाटणीत नेमकी तीच फूट जाते.

कोयनेल मूळचे समुद्रकाठचे आहे. कोकणात ते खाड्यांच्या कडेला, खारफुटीच्या लगत वाढते आणि त्याची बुचासारखी हलकी फळे पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतात. असे झुडूप कमी पाऊस पडणाऱ्या आपल्या शहरात कसे तगते, याचे नवल वाटू शकते. परंतु खाऱ्या जमिनीत भोवती पाणी असूनही ते मुळांना सहज घेता येत नाही आणि अशा ठिकाणी वाढणारी झाडे पाणी जपून वापरायला शिकलेली असतात. कोयनेलचे जाड, गुळगुळीत, चकचकीत पान हे त्याचेच लक्षण आहे. बोअरचे मचूळ पाणीही त्याला चालते आणि पाने कडू असल्याने शेळ्या सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

त्याचे फूल पांढरे, लांब नळीचे आणि बहुधा तिनाच्या झुबक्यात येणारे असते. नळीतून चार जांभळट पुंकेसर लांब बाहेर येतात. फूल उमलते तेव्हा पुंकेसर ताठ पुढे असतात आणि स्त्रीकेसर खाली वाकलेला असतो. पुढे पुंकेसर वळून मागे सरतात आणि स्त्रीकेसर त्यांची जागा घेतो, जेणेकरून पराग दुसऱ्या फुलाकडून यावा. मध नळीच्या तळाशी असल्यामुळे लांब सोंडेची फुलपाखरे आणि पतंग येथे हक्काने येतात.

आमच्या वसाहतीत गेल्या पावसाळ्यात आम्ही कुंपणाची पश्चिमेकडची बाजू न छाटता ठेवली. श्रावणात ती बाजू फुलली आणि लिंबाच्या झाडावर अंडी घालणारी काळी-पिवळी फुलपाखरे दिवसभर तेथे दिसू लागली. फुलांतला मध पिणारे चिमुकले शिंजीर पक्षीही येऊन गेले. संध्याकाळी मंद सुवास सुटे आणि अंधार पडता पडता मोठे पतंग फुलांसमोर हवेत स्थिर राहून मध घेताना आम्ही स्वतः पाहिले. तोवर त्याच कुंपणाची छाटलेली बाजू हिरवी, नीटनेटकी आणि पूर्ण रिकामी होती.

म्हणून माझी विनंती आहे की, शहरातील बागा आणि रस्ता दुभाजक ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणि गृहनिर्माण संस्थांनीही कोयनेलची सर्व बाजूंची छाटणी एकाच वेळी करू नये. वाहनचालकांची दृष्टी अडेल तेथे ती अवश्य करावी, मात्र आतल्या बाजूची फूट निदान पावसाळ्याच्या प्रारंभापासून दिवाळीपर्यंत राहू द्यावी. शहराला काही दिवसांआड पाणी मिळत असताना हिरवळीच्या गालिच्यांसाठी रोज पाणी ओतण्यापेक्षा त्यातील काही जागा कोयनेलला देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. डाळिंबाच्या या जिल्ह्यात परागीभवन करणाऱ्या कीटकांची किंमत वेगळी सांगायला नको. त्यासाठी या कुंपणांवर कीटकनाशकाची फवारणीही टाळावी लागेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. ही लागवड शहरातील कुंपणांपुरतीच असावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखी माळराने गवताची आहेत आणि तेथे झुडपे लावणे हे उपकार ठरणार नाहीत.

नव्या लागवडीसाठी रोपे विकत घेण्याचीही गरज नाही. छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या पहिला पाऊस पडल्यावर ओल्या मातीत खोचल्या तर त्या मूळ धरतात. येत्या जूनची छाटणी करणाऱ्यांनी त्या काड्या कचऱ्यात न टाकता बाजूला ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक, सोलापूर