बंदराच्या शेजारचा बीच सोडून बागा-कळंगुट कशाला?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझवाल्यांसाठी बीचची यादी आली होती ती वाचली. फोटो झकास होते, पण यादी ज्याने केली त्याला बोट कुठे लागते आणि परत कधी सुटते याच्याशी काही देणंघेणं नसावं असं वाटलं, म्हणून हे पत्र. मी गोव्यात मुरगावच्या सड्यावरचा, निवृत्त तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी केलेला माणूस, अर्धं आयुष्य कॅरिबियनच्या क्रूझवर केबिनी आवरण्यात गेलं आणि संध्याकाळी पॅसेंजर परत आला की त्याच्या तोंडाकडे बघूनच कळायचं की हा आज बीचवर होता की दिवसभर टॅक्सीत होता. आता आपली माणसं पण मुंबई-गोवा-लक्षद्वीप करायला लागलीत, पुण्या-नाशिकचे भाचे-पुतणे फोन करून विचारतात, मामा कुठला बीच करू, त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय, लांबलं तर बिनधास्त कात्री लावा.

पहिलं म्हणजे वेळ. कागदावर लिहिलेलं असतं आठ ते पाच आणि माणूस हिशेब करतो नऊ तास. कुठचे नऊ? बोट लागली म्हणून लगेच कोणी खाली सोडत नाही, आधी तिथले सरकारी लोक कागद बघतात, मग अनाउन्समेंट, मग लिफ्टला लाइन, गँगवेला म्हणजे उतरायच्या शिडीला लाइन, यात सकाळचे नऊ कधी वाजले कळत नाही. परतताना पाचला सुटणार म्हणजे साडेचारला, काही ठिकाणी चारलाच सगळे आत पाहिजेत, आणि गेटवर परत बॅगा मशीनमधून जाणार. त्यातून जेवण आणि जायचा-यायचा वेळ काढला की पाण्यात पाय टाकायला चार तास मिळाले तरी नशीब. आणि जिथे धक्का नाही तिथे अजून वेगळी गंमत, बोट लांब नांगर टाकते आणि टेंडर म्हणजे छोट्या होड्यांनी लोकांना काठावर नेतात, ग्रँड केमनला जॉर्जटाउनला असंच आहे, तिथे टेंडरची लाइन दोन्ही वेळेला धरायची. समुद्र जास्त हलत असेल तर कॅप्टन टेंडर बंद करतो आणि ते बेटच राहतं, त्यावर भांडून उपयोग नसतो.

घड्याळाचं पण सांगतो. बोटीचा टाइम आणि बेटावरचा टाइम एकच असेल असं नाही, मोबाइल तिथल्या टॉवरला लागला की आपोआप एक तास मागे जातो आणि गडी खुर्चीत आरामात पडून. साधं मनगटी घड्याळ बोटीच्या टाइमला लावून घालावं. कंपनीच्या टूरची बस लेट झाली तर बोट थांबते, तुम्ही स्वतः टॅक्सी करून गेलात आणि लेट झालात तर नाही थांबत. मग ती धावाधाव सुरू होते, वरच्या डेकवर लोक रेलिंगला लटकून टाळ्या-शिट्ट्या मारतात, खाली बिचारी बाई एका हातात चपला घेऊन धक्क्यावरून पळतेय आणि मागे नवरा, त्याच्या खांद्यावर ते फुगवायचं प्लास्टिकचं बदक. गँगवे एकदा उचलला की संपलं, सिक्युरिटीवाले केबिनच्या सेफमधून पासपोर्ट काढून तिथल्या एजंटच्या हातात देतात आणि पुढच्या बेटापर्यंत ज्याचं त्याने यायचं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि हे मला वाटतं कुठल्याच यादीत लिहीत नाहीत. कॅरिबियनला वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो, त्यामुळे बेटाची पूर्वेची बाजू म्हणजे अटलांटिकची, तिथे लाटा आणि ओढ, आणि पश्चिमेची बाजू आडोशाची, तिथे पाणी शांत. बार्बाडोसला बघा, पूर्वेला बाथशेबाला सर्फिंगवाले जातात, खडक आहेत, देखावा एक नंबर पण आपल्या माणसाने तिथे पोहायला उतरायचं काम नाही, आणि ब्रिजटाउन बंदराच्या अगदी जवळ कार्लाइल बे आहे तिथे पाणी इतकं शांत की आजीला पण कमरेपर्यंत नेता येतं, कासवं दिसतात ती वेगळी. कोझुमेलला पण पश्चिमेला सगळे बीच क्लब, पूर्व किनारा रिकामा आणि सुंदर पण ओढ वाईट. अरुबाला धक्क्याजवळून बस मिळते ती थेट ईगल बीचकडे जाते, टॅक्सीची पण गरज नाही. सेंट थॉमसचं मॅगेन्स बे उत्तरेला आहे, डोंगर चढून उतरायला लागतं आणि आत जायला पैसे घेतात, पण खाडीसारखं आत वळलेलं असल्याने पाणी हलत नाही आणि संडास-बाथरूमची सोय आहे, म्हणून तेवढी टॅक्सी वसूल होते. सगळ्यात सोपं सेंट मार्टिन, फिलिप्सबर्गला गावातच ग्रेट बे बीच, धक्क्यावरून चालत जा नाहीतर वॉटर टॅक्सीने जा. तरी निम्मी बोट कुठे जाते तर माहो बीचला, का तर डोक्यावरून विमान जातं त्याचा व्हिडिओ काढायचा. जा बापडे, पण त्याला आराम म्हणू नका, ती जत्रा आहे.

२०११ पासून तिकडे अजून एक त्रास सुरू झालाय, सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ, ते ढिगाने वाहत येतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. ते पण बहुतेक पूर्वेच्याच काठांना लागतं, म्हणजे वाऱ्याचं गणित एकदा कळलं की ही कटकट पण बऱ्यापैकी टळते. आणि मॅन्चिनील झाड लक्षात ठेवा. वाळूच्या कडेलाच असतं, चकचकीत हिरवी पानं, छोट्या सफरचंदासारखी फळं खाली पडलेली, सावली एकदम मस्त, माणूस टॉवेल टाकणार तो नेमका त्याच्याखालीच. त्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात, पाऊस आला म्हणून खाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने भाजल्यासारखं होतं, फळ तोंडात घालायचं तर नावच काढू नका. बऱ्याच ठिकाणी बुंध्याला लाल पट्टा मारलेला असतो. तो दिसला की लांब व्हायचं, विनाकारण हिरोगिरी नको.

लक्षद्वीपचं वेगळं. तिथे परमिट लागतं, बोट रीफच्या म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या बाहेर थांबते आणि होडीने आत नेतात, म्हणजे वर टेंडरचं लिहिलं ते सगळं तिथे लागू. बहुतेक बेटांना लगून, म्हणजे रीफच्या आतलं शांत उथळ पाणी, पश्चिमेला आहे, पूर्वेला उघडा समुद्र, तेव्हा आरामात डुंबायचं तर लगूनच्या बाजूला. आपल्या गोव्यासारखे शॅक बिक, म्हणजे वाळूतली झोपडीवजा हॉटेलं, तिथे शोधू नका, बंगारम सोडलं तर दारू पण नाही, लोकवस्तीची बेटं आहेत, माणसं साधी आहेत, गावातून फिरताना कपडे जरा नीट असावेत. प्रवाळ टोकदार असतं म्हणून रबरी तळव्याचे बूट घालून पाण्यात जा आणि आठवण म्हणून तुकडा खिशात घालू नका, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे तो.

आता आपल्या दारातलं. मुरगाव बंदरात सीझनला क्रूझ लागतात, लोक उतरतात, आणि गेटच्या बाहेर पाय पडला की कानावर काय, बागा, कळंगुट, बागा, कळंगुट. इथून उत्तर गोव्यातलं कळंगुट चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे हो. झुवारी नदीवर नवा पूल झाला, तो त्रास कमी झाला हे खरं, पण पुढे पर्वरीला जाम लागला की तुम्ही काय करणार? मी स्वतः बघितलंय, विदर्भाकडचं एक वयस्कर जोडपं, सकाळी हसत टॅक्सीत बसलं आणि दुपारी परत आलं ते घामाघूम, काकांना विचारलं कसं वाटलं गोवा, तर म्हणाले गाडीच्या काचेतून छान आहे. भाडं किती दिलं ते ऐकून मलाच कसंतरी झालं. मी सगळ्या टॅक्सीवाल्यांना नावं ठेवत नाही, त्यात माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत, त्यांचं पोट आहे आणि लांबचं भाडं मिळालं तर कोण सोडेल. पण पाहुण्याला जवळचं काय आहे हे सांगणारं कोणीतरी तिथे हवं ना?

जवळ काय आहे तर बोगमाळो. वास्कोवरून दाबोळीच्या बाजूने गेलं की बंदरापासून पंधराएक किलोमीटरच्या आत, छोटा अर्धगोल किनारा, चार शॅक, एक मोठं हॉटेल, समोर बेटं दिसतात, आणि वाटेत नौदलाचं विमानांचं म्युझियम आहे, लहान मुलं बरोबर असतील तर ती विमानांवरच खूश. भरती असली की वाळू अरुंद होते तेवढं लक्षात ठेवा, आपल्या पेपरात भरती-ओहोटीच्या वेळा येतात त्या कोण बघतं कोण जाणे, पण बीचवर जायच्या दिवशी बघाव्यात. त्याच्या पुढे होळांत, अजून लहान, मासेमारीच्या होड्या, माड, मध्येमध्ये खडक, पाणी उथळ. तिथे फारशा सोयीची अपेक्षा ठेवू नका, शांतता मात्र भरपूर. वेळसांवला वर कारखाना दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, ठीक आहे, पण तिथून सुरू होऊन आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, कोलवा करत ती वाळू सलग मोबोरपर्यंत जाते, आणि त्यातलं आरोशी-उतोर्डा हे क्रूझच्या दिवसाला अगदी माफक अंतरावर. सकाळी गेलात तर रापण ओढताना दिसेल, दोन्ही बाजूंनी माणसं जाळं काठावर आणतात, मग जाळ्यात चकाकणारे तारले मासे आणि वर घारी. सुशेगाद बसून फिश थाळी आणि सोलकढी घ्या आणि दोनला निघा, बोट कुठे पळत नाही. कोलव्याला गर्दी असते, तिथे पॅरासेलिंगवाले मागे लागतात, ज्याला हवं त्याने जावं.

बायणा तर वास्कोतच, पण तो संध्याकाळी पाय मोकळे करायचा किनारा, पोहण्यासाठी मी नाही सांगणार. ज्याच्याकडे दोनच तास आहेत त्याने सरळ पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी करावी, एकटा माणूस असेल तर मोटरसायकलवर मागे बसून सड्यावरच्या जपानीज गार्डनला जावं आणि वरून समुद्र आणि बंदर दोन्ही बघून यावं.

आणखी एक, मे महिन्याच्या आसपास काठावर डांबराचे गोळे येतात, काळे, चिकट, चपलेला लागले की निघत नाहीत, खोबरेल तेल लावून पुसले तर सुटतात. पावसाळ्यात आपल्याकडे क्रूझ येत नाहीत ते बरंच आहे, पण सीझनला सुद्धा लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही आणि लाइफगार्डने शिट्टी मारली तर ती आपल्यालाच आहे असं समजायचं. जातात लोक चार पेग लावून आणि मग नाव गोव्याचं खराब.

तेव्हा ज्यांच्या हातात आहे त्यांना आपल्या पेपरमधून विनंती अशी की क्रूझ टर्मिनल चकाचक करायचं ते करा, पण आत्ता गेटच्या बाहेर एक मोठा बोर्ड लावा, मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजीत, त्यावर बोगमाळो, होळांत, आरोशी, उतोर्डा, कोलवा किती किलोमीटर, टॅक्सीचं ठरलेलं भाडं किती, आणि परत यायला किती वेळ धरावा. क्रूझच्या दिवशी दोन मिनीबस बंदर ते बोगमाळो अशा फिरत्या ठेवल्या तर वास्कोच्या दुकानदाराला पण चार गिऱ्हाइकं मिळतील, आज ती सगळी आपल्या नाकासमोरून उत्तरेला निघून जातात. बोगमाळोला आणि आरोशीला स्वच्छ संडास आणि कपडे बदलायला आडोसा एवढं तरी पाहिजेच, बायकांचे फार हाल होतात, माझी बायको तर याच कारणासाठी बीचला यायचं टाळते.

आणि पुरवणीवाल्यांना सांगा, पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा फोटो थोडे लहान करा आणि प्रत्येक बीचच्या नावापुढे बंदरापासून किती किलोमीटर ते लिहा.

आपला,
एक निवृत्त तारवटी
सडा, मुरगाव