रत्नागिरीच्या त्या दुरुस्तीवाल्या काकांचे आभार

वाचनालयाच्या जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर काही पावसाळे कपाटात पडून होता. तो थेट प्लगला न लावता दुरुस्तीला दिला, हे बरंच झालं.

काकांनी चिकटवलेली पेटी सांध्यावर हलके ठोकून उघडली. आत खारट दमट हवेने सोल्डरवर हिरवट थर आलेला. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केला. आउटपुटचे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन्ही कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) फुगले होते. त्याच मापाचे, १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे, लो-ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेले) बसवले. साधे घातले तर ते तापून पुन्हा फुगतात. मोठा ४०० व्होल्टचा कपॅसिटर ठीक दिसत होता, तरी बदलला: पडून राहिल्यावर आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि गळती वाढते.

मग ६० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे अडॅप्टरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत, लावून वीज दिली. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही. मग बल्ब काढून थेट वीज दिली, तेव्हा १० ओहमच्या लोडवरही (वीज खेचणारा रेझिस्टर जोडूनही) १९ व्होल्ट टिकले.

दुकान बंद करायची वेळ टळून गेली होती. तरी काकांनी सोबत आलेल्या पोराला मीटर धरायला दिला, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात हे दाखवलं, आणि ते स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे, रेझिस्टरने कसे उतरवायचे तेही शिकवलं. पैसे फक्त सुट्या भागांचे घेतले.

काका, मनापासून आभार. लॅपटॉपवर पुस्तकांची नोंद पुन्हा सुरू झाली आहे.