पायची नवी किंमत कुंपणाबाहेरची

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या पत्रांच्या सदरात पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) 'खरी' किंमत किती यावर जुंपलीय. एकजण म्हणतात ३.१४४६, सुवर्ण गुणोत्तराचं (सुमारे १.६१८) वर्गमूळ काढा आणि त्याने ४ ला भागा की झालं, दुसरे म्हणतात १४ मधून २ चं वर्गमूळ वजा करून ४ ने भागा, म्हणजे ३.१४६४, आणि दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत की ३.१४१६ हा आकडा आपल्या गळ्यात मारलेला आहे. आधी हसलो, मग कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. मी गणिताचा प्राध्यापक वगैरे नाही, पण इथे त्याची गरजही नाही.

दोघांचा आक्षेप असा, की प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत बहुभुजाकृती काढली, बाजू आणि वर्तुळ यांच्यात फट राहिली, म्हणून उत्तर कमी आलं. अहो पण त्याने बाहेरूनही काढली होती की! ते अर्धं सगळे सोयीस्कर विसरतात. व्यास १ धरा. आतल्या षटकोनाची परिमिती ३, बाहेरच्याची १२ चं वर्गमूळ म्हणजे ३.४६४१, परीघ या दोघांच्या मधे. आता बाजू दुप्पट करत जायचं. बाहेरची नवी परिमिती काढायला दोन्ही जुन्या परिमितींचा गुणाकार करून दुप्पट करा आणि त्यांच्या बेरजेने भागा, आतली नवी हवी तर आतली जुनी आणि बाहेरची नवी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या. साईन नाही, टॅन नाही, पाय तर कुठेच नाही, त्यामुळे "तुम्ही उत्तर आधीच आत घुसवलंत" म्हणायची सोय नाही.

१२ बाजूंना बाहेरची परिमिती ३.२१५४ येते, पाय त्याहून लहानच हवा. २४ ला ३.१५९७, इथे १० चं वर्गमूळ (३.१६२३, ब्रह्मगुप्ताने वापरलेली किंमत) बाद. ४८ ला ३.१४६१, म्हणजे ३.१४६४ वाले गेले, थोडक्यात गेले पण गेले. ९६ ला ३.१४२७, आणि ३.१४४६ पण गेलं. आत तेव्हा ३.१४१० असतं. चारच पायऱ्या, दहा मिनिटांचं काम. बाहेरची परिमिती परिघापेक्षा मोठीच कशावरून असं कोणी विचारेल, तर दोन्हींचं क्षेत्रफळ परिमिती गुणिले त्रिज्या भागिले २ असतं, आणि वर्तुळ तर पूर्ण त्या आकृतीच्या पोटात आहे.

शाळेत आपण घोकतो ते २२/७ इथूनच आलंय. आर्किमिडीजने ती पायची किंमत आहे असं म्हटलंच नव्हतं, त्याने २२३/७१ आणि २२/७ अशी दोन कुंपणं घातली, पाय त्यांच्या मधे. आपण वरचं कुंपण उचललं आणि त्यालाच घर समजलो.

"पण मी स्वतः मोजलंय" हे वाक्य दोन्ही पत्रांत आहे, आणि मला वाटतं ते प्रामाणिक आहे. गंमत अशी की हाताने मोजताना होणाऱ्या दोन नेहमीच्या चुका उत्तर वरच ढकलतात. १ मीटर व्यासाची चकती घ्या. टेप अर्धा मिलिमीटर जाड असेल तर परीघ साधारण १.६ मिमी जास्त भरतो, कारण टेपचा मधला थर चकतीच्या कडेपासून पाव मिमी बाहेरून फिरतो. व्यास मोजताना केंद्रापासून २ सेंमी सरकलात तर मोजता ती जीवा, ती ९९९.२ मिमी भरते. आता भागून बघा, ३.१४५७ येतं! दोन छोट्या चुकांत ३.१४४६ च्याही पुढे गेलो.

वर्गमुळांची जोडतोड करून पाय मिळवायचा रस्ता तर १८८२ मध्येच बंद झालाय, पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याही बहुपदी समीकरणाचं पाय हे उत्तर असू शकत नाही हे जर्मन गणिती लिंडेमानने सिद्ध केलं. ३.१४४६ आणि ३.१४६४ दोन्ही तशा समीकरणांची उत्तरं आहेत.

आणि कृपा करून आर्यभटाला यात ओढू नका. इसवी सन ४९९ च्या सुमारास त्याने २०००० व्यासाला ६२८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६ च, वर 'आसन्न' म्हणजे जवळपास असा शब्द घातला. भास्कराचार्यांनी लीलावतीत ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटलं, २२/७ ला स्थूल, व्यवहारापुरतं चालणारं. कुठली किंमत कशाला वापरायची हे त्यांना नीट कळत होतं.

मतदानाचाही प्रयोग झालाय बरं का. १८९७ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने, ज्यातून पाय ३.२ निघत होता असं विधेयक ६७ विरुद्ध ० मतांनी पास केलं होतं. योगायोगाने वॉल्डो नावाचे गणिताचे प्राध्यापक तिथे हजर होते म्हणून सिनेटमध्ये ते बासनात गेलं.

तेव्हा माझी एकच विनंती, पुढचं असं पत्र आलं की छापण्याआधी लेखकाला ९६ बाजूंच्या आतल्या आणि बाहेरच्या परिमितीचे आकडे मागवा आणि त्याची किंमत त्यांच्या मधे बसते का तेवढं विचारा.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. पायऐवजी त्याची दुप्पट, ६.२८३२ म्हणजे 'टाऊ', वापरावी म्हणणारेही आहेत. त्यांना यात धरू नका, त्यांचं भांडण किमतीशी नाही, त्रिज्येने भागायचं की व्यासाने एवढंच आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं मला थोडं पटतं.