नव्या नोकरीतल्या ट्रेनिंग पोर्टलबद्दल, चि. मनूस

ठाणे, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

कंपनीने ट्रेनिंग पोर्टलचं लॉगिन दिलं आणि उघडल्याबरोबर कोर्सची भली मोठी यादी समोर आली, हे तू काल सांगितलंस. माझं रोजचं कामच हे असल्याने जरा सविस्तर लिहिते. फोनवर निम्मं राहून जातं.

आधी एक समजून घे. ते पोर्टल तुला ओळखत नाही. एचआरच्या नोंदीतलं तुझं पदनाम, तू स्वतःला दिलेले गुण, सुरुवातीच्या चाचणीतली उत्तरं आणि तू कशावर क्लिक केलंस, एवढंच त्याच्या हाती असतं. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून येणारी यादी नव्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याच पदनामाच्या इतरांनी काय पाहिलं यावरून बनते. तुझं पदनाम ‘एक्झिक्युटिव्ह, डॉक्युमेंटेशन’ आहे आणि निम्मं काम एमआयएसचं, म्हणजे आकडे जमवून अहवाल बनवण्याचं. म्हणजे बिल ऑफ लेडिंगचे, जहाजावर चढवलेल्या मालाच्या त्या पावतीचे, कोर्स धो धो येतील आणि डेटाचा एकही येणार नाही. पदनाम किंवा विभाग चुकीचा असेल तर पोर्टलवर बदलू नकोस. ती माहिती साधारणपणे रात्री एचआरच्या सिस्टीममधून आपोआप येते, त्यामुळे सकाळी तुझा बदल पुसलेला दिसेल. एचआरला तिकीट टाकून मूळ नोंदच दुरुस्त करून घे.

मग स्वतःला एक ते पाच गुण द्यायचा तक्ता येईल. मुलं इथे सगळीकडे चार टाकतात, कारण साहेबांना दिसेल अशी धास्ती असते. दिसतंही बऱ्याच ठिकाणी, ते विचारून घे. पण चार टाकलेस की पोर्टल पाया गाळून पुढचं दाखवतं आणि तिसऱ्या धड्यात गाडी अडते. माझं माप असं: नुसतं ऐकलंय तर एक, कुणी शेजारी बसलं तर जमतं तर दोन, एकटीने जमतं तर तीन, बिघडलेलं दुरुस्त करता येतं तर चार, दुसऱ्याला शिकवता येतं तर पाच. प्रत्येक गुणामागे आपण केलेली एक फाइल दाखवता आली पाहिजे. या मापाने एक्सेलला तुझे आज तीन होतात आणि एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेला, एक. तेच टाक.

चाचणीतही तसंच. बरोबर उत्तर दिलंस की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलीस की सोपा. अंदाजाने ठोकलेलं उत्तर बरोबर निघालं तर नुकसान तुझंच, कारण न येणारा भाग ‘येतो’ म्हणून गाळला जातो. ‘माहीत नाही’ हा पर्याय असेल तर तो बिनधास्त वापर. दिवसभराची शिपिंग बिलं संपवून थकल्यावर बसू नकोस, सकाळी ताज्या डोक्याने दे.

आता खरं काम, आणि ते पोर्टल करून देत नाही. दोन वर्षांनी तुला कोणत्या खुर्चीत बसायचंय ते तू ठरवायचं. कंपनीच्या अंतर्गत जागांचं पान उघड आणि डेटा ॲनालिस्टच्या तीन जाहिराती कागदावर छापून घे. तिन्हींत जे शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यांखाली रेघ मार. बहुधा एसक्यूएल, पॉवर बीआय (आकड्यांचे आलेख आणि अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेलमधलं पॉवर क्वेरी (फाइली साफ करून जोडायचं साधन) निघतील. पोर्टलवर ‘करिअर गोल’ की असंच काहीसं खातं असतं, तिथे ही भूमिका आणि ही कौशल्यं भर. एका वेळी दोनच. सहा भरलीस की सहाही दिशांचे कोर्स येतात आणि महिनाभर नुसतं चाखणं होतं. नको असलेल्या कोर्सवर कुतूहलाने क्लिक करत बसू नकोस, त्या क्लिकवरूनही पोर्टल तुझी आवड ठरवतं.

सक्तीचे कोर्स, म्हणजे माहिती सुरक्षा, लाचखोरीविरोधी धोरण आणि पॉश (कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध), पहिल्या आठवड्यातच उरकून टाक. त्यांची मुदत उलटली की थेट मॅनेजरला मेल जातो. पॉशचा मात्र ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत संपवायचा नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तुमच्या समितीतली नावं आणि मेल वहीत लिहून ठेव. हे आई म्हणूनही सांगते आहे.

‘कोर्स पूर्ण केला तरी इनकम्प्लीट दाखवतो’ ही तक्रार तूही करशील, म्हणून कारण सांगून ठेवते. बहुतेक कंपन्यांचे कोर्स अजूनही स्कॉर्म नावाच्या जुन्या मानकावर चालतात, त्याची १.२ आवृत्ती २००१ ची. कोर्स वेगळ्या खिडकीत उघडतो आणि तू कुठवर आलीस, किती गुण मिळाले, ही माहिती मूळ पानाला कळवत राहतो. मागचं पान बंद केलंस, लॅपटॉप झोपला, व्हीपीएन तुटलं किंवा सेशन संपलं, की कळवायला पलीकडे कुणी उरत नाही. व्हिडिओ चालू राहतो, नोंद होत नाही. म्हणून पॉप-अपला परवानगी दे, एका वेळी एकच कोर्स उघड आणि बाहेर पडताना ब्राउझरची फुली न दाबता कोर्समधलं ‘एक्झिट’ दाब. मग मूळ पान रिफ्रेश करून नोंद झाली का बघ. सक्तीच्या कोर्सच्या शेवटच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेव. आणखी एक, काही कोर्समध्ये व्हिडिओ संपणं पुरत नाही, शेवटची चाचणी ठरावीक टक्क्यांनी पास व्हावी लागते. ती अट पहिल्या पानावर असते आणि कुणी वाचत नाही.

शिकण्याची पद्धत. दुप्पट वेगाने व्हिडिओ लावून तास भरून काढता येतात, विद्या येत नाही. रॉडिजर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. तेव्हा धडा झाला की स्क्रीन झाक आणि पाच ओळी मनाने लिही. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा. शनिवारी वाशीहून ठाण्याच्या गाडीत बसायला मिळालं तर फोनवर व्हिडिओ नको, ही उजळणी कर. गर्दीत व्हिडिओचा आवाज जातो आणि लक्षही. हाताने करायच्या गोष्टी टेबलाशी बसूनच.

आणि प्रत्येक धडा आठवड्याच्या आत ऑफिसच्या एका तरी फाइलला लागला पाहिजे. पॉवर क्वेरीच घे. रोज येणाऱ्या एक्सेल फाइली एका फोल्डरमध्ये टाक, ‘गेट डेटा’मधून ‘फ्रॉम फोल्डर’ निवड आणि एकत्र कर. व्हिडिओत हे दोन मिनिटांत होतं, तुझ्या फाइलींवर होणार नाही. एखाद्या एजंटच्या फाइलीत रकान्याच्या नावापुढे एक जादा स्पेस असते, मग तो रकाना सगळा रिकामा येतो. परदेशी ऑफिसच्या तारखा महिना आधी लिहिलेल्या असतात, म्हणून ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. तिथे ‘युझिंग लोकेल’ने प्रकार बदलावा लागतो. आणि एचएस कोडला, म्हणजे कस्टममध्ये मालाचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाला, पॉवर क्वेरी आकडा समजून सुरुवातीचं शून्य खातं. आंबा ०८०४ मध्ये येतो, तो ८०४ झाला की पुढची सगळी जुळणी कोलमडते. ‘चेंज्ड टाइप’च्या पायरीवर जाऊन तो रकाना ‘टेक्स्ट’ कर. हे तीन अडथळे तू स्वतः सोडवलेस की पॉवर क्वेरीला तीन गुण द्यायला हरकत नाही. आधी रोज लागणारा वेळ आणि नंतर लागणारा वेळ लिहून ठेव, अप्रेझलला कोर्सच्या यादीपेक्षा ही ओळ जास्त बोलते.

पोर्टलमध्ये एआय मदतनीस असेल. सूत्र का चुकलं हे विचारायला तो चांगला, कस्टमचा दर विचारायला नाही. दर आणि अधिसूचना सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर व कस्टम मंडळाच्या, संकेतस्थळावरच पाहायच्या. ग्राहकाचं नाव, जीएसटी क्रमांक, इन्व्हॉइस त्याच्यात कधीही चिकटवायचं नाही. सरावाला बनावट दहा ओळी तयार कर.

प्रमाणपत्रांचं म्हणशील तर कंपनीच्या पोर्टलवरच्याला बाहेर फारशी किंमत नाही. वर्षाला एकच बाहेरचं घे, पण परीक्षा देऊन मिळणारं. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा, कोर्स फुकट असतो, परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी उत्तम ८ असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ धरतात. पॉवर बीआयसाठी मायक्रोसॉफ्टची पीएल-३०० ही परीक्षा आहे, १००० पैकी ७०० ला पास. तिच्या प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष, नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत. नोंदणी मात्र स्वतःच्या मेलवर कर. कंपनीच्या मेलवर केलीस तर नोकरी सोडल्या दिवशी दार बंद होतं आणि नूतनीकरणाचे निरोप कुठे जातात कळत नाही. फी कंपनी देणार असेल तर किती महिने थांबावं लागेल आणि आधी सोडल्यास किती परत करायचं, हे मेलवर लेखी घे. तोंडी ‘बघू’ चालत नाही.

शनिवारी येताना लॅपटॉप आण आणि त्या तीन जाहिराती रेघा मारून आण. एसक्यूएलचा पहिला धडा आपण एकत्र करू. जॉइनमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडताना, ओळी दुप्पट का होतात ते मी तुझ्याच कंटेनरच्या यादीसारखी खोटी यादी घेऊन दाखवीन.

जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई