जुन्या टर्बो गाडीचे ॲव्हरेज आणि दोन चुकीचे सल्ले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत इंधन बचतीविषयी आलेला लेख मी वाचला आणि त्यातील चौकटीपाशी थबकले. दहा वर्षांहून जुनी टर्बो डिझेल गाडी डिझेल पिणारच, तेव्हा ती विकून टाकणे हाच शहाणपणा, असा लेखाचा एकूण सूर होता. आणि ज्यांना विकणे शक्य नाही त्यांनी सकाळी गाडी पाच मिनिटे जागेवर तापवावी व उतारावर न्यूट्रल करावी, असे चौकटीत सुचवले होते. मी गेली सात वर्षे रेशीमबागेतून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत अशाच एका गाडीने ये-जा करते. गाडी २०१३ सालची, १.३ लिटर टर्बो डिझेल इंजिनाची, आणि मी घेतली तीसुद्धा सेकंडहँड. कारखान्यात माझे काम गुणवत्ता तपासणीचे असल्यामुळे मोजल्याशिवाय बोलण्याची सवय नाही. दर वेळी एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि किलोमीटर व लिटर वहीत लिहायचे, एवढेच मी करत आले. डॅशबोर्डवरचा आकडा आणि वहीतला आकडा यांत कायम एक-दीड किलोमीटरचा फरक पडतो, आणि तो नेहमी डॅशबोर्डला शोभून दिसेल असाच असतो.

रोजचे ५६ किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर माझी गाडी १४०० किलोमीटर चालते. साडेसतराचे ॲव्हरेज असेल तर ८० लिटर डिझेल लागते आणि चौदावर आले तर १०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी हा फरक महिन्याला १८०० रुपयांचा होतो. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तीन टाक्यांत माझी गाडी साडेसतरावरून चौदावर आली, म्हणून हा हिशेब मला तोंडपाठ झाला आहे.

लक्षणे अशी होती. अजनी पुलाच्या चढावर पूर्वी चौथ्या गिअरमध्ये निघणारी गाडी तिसरा गिअर मागू लागली. २००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे बॉनेटखालून फुस्स असा बारीक आवाज येऊ लागला आणि ओव्हरटेक करताना मागच्या आरशात काळा धूर दिसू लागला. एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली, तेव्हा टर्बोच बदलावा लागेल, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टरही काढून तपासावे लागतील, असे सांगून चाळीस हजारांच्या वरचे एस्टिमेट हातात दिले. गाडीची तेव्हाची किंमत पाहता तो खर्च म्हणजे गाडी विकण्याचाच सल्ला होता.

सक्करदऱ्याच्या एका गल्लीतील वयस्क मिस्त्रींनी मात्र टर्बोला हात लावण्याआधी, टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज पाइप काढला. पाइपाच्या वळणापाशी तेलाचा ओलसर काळा डाग होता. त्यांनी एका तोंडाला लाकडी बूच ठोकले, दुसऱ्या तोंडातून शेजारच्या पंक्चरवाल्याच्या नळीने बेताची हवा सोडली आणि पाइप त्याच्याच पाण्याच्या टबात बुडवला. सायकलच्या ट्यूबमधून यावेत तसे बुडबुडे आले. भेग नखाएवढी होती आणि पाइप हातात घेऊन वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. “मॅडम, टर्बोले काही नाही झालं, पाइप फाटला न जी,” एवढेच ते म्हणाले. पाइप, दोन नवे क्लॅम्प आणि मजुरी मिळून १९०० रुपये झाले. पुढच्या दोन टाक्यांत ॲव्हरेज पुन्हा साडेसतरावर आले.

एवढ्याशा भेगेने इतके नुकसान का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे. जळालेल्या डिझेलच्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे गरम वायूंबरोबर बाहेर जातो. टर्बो त्याच वायूंवर आपले चक्र फिरवतो, मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत इंटरकूलरमधून नेतात. माझ्या गाडीसारख्या इंजिनांत किती हवा आत आली हे टर्बोच्या आधी बसवलेला सेन्सर मोजतो आणि त्या मापावर जास्तीत जास्त किती डिझेल फवारायचे हे ठरते. टर्बोच्या पुढे पाइप फाटला तर मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, पण डिझेल मात्र पोहोचते. ते नीट जळत नाही, त्याचा काळा धूर होतो, पिकअप जातो, आणि पिकअप गेला म्हणून आपण पाय आणखी दाबतो. आपल्याकडे या रबराची परीक्षाही कठीण असते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक, आणि आतून तेलाचा ओलावा. दहा-बारा वर्षांत रबर फुगते आणि भेगाळते. म्हणून जुन्या टर्बो गाडीचे ॲव्हरेज पडले, तर इंजेक्टर आणि टर्बो यांच्या आधी हे पाइप काढून पाहायला सांगावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

एअर फिल्टरचे महत्त्व मात्र लेखात वाढवून सांगितले आहे. नवा फिल्टर बसवल्यावर माझ्या वहीतला आकडा हललासुद्धा नाही. फिल्टर वेळेवर बदलावा तो टर्बोची पाती धुळीपासून वाचावीत म्हणून. ॲव्हरेजच्या आशेने नव्हे.

दुसरा दोष मला डिसेंबरमध्ये सापडला. सकाळी थंडीत निघाले की चिंचभुवन ओलांडले तरी तापमानाचा काटा मध्यावर येत नसे. चौकशी केल्यावर कळले की गाडीतला थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकलेला होता. नागपूरच्या उन्हात गाडी गरम होऊ नये म्हणून आधीच्या मालकाने कोणाकडून तरी ते करवून घेतले असावे, आणि हा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत राहते, इंजिन आपल्या कामाच्या तापमानाला उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही, आणि थंड इंजिनाला डिझेल जास्त लागते. गाडी खरोखर गरम होत असेल, तर दोष रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा कूलंटमध्ये शोधावा. थर्मोस्टॅट काढणे म्हणजे ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. किंबहुना त्याहून वाईट, कारण थर्मामीटर फोडल्याने ताप वाढत नाही, इथे मात्र खर्च वाढतो.

जाता जाता आणखी एक सोपी तपासणी सांगते. घरी पोहोचल्यावर चारही चाकांजवळ, न टेकवता, हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर बहुधा तिथला ब्रेक सुटत नसतो आणि गाडी दिवसभर तो ब्रेक ओढत चाललेली असते. टायरची हवा सकाळी, गाडी सावलीत आणि थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा फुगलेला दिसतो आणि पंपावरचा मुलगा भाबडेपणाने हवा कमी करून देतो.

आता चालवण्याविषयी. टर्बोची ताकद फुकट मिळते असा अनेकांचा समज असतो. टर्बो जास्त हवा देतो तेव्हा इंजिन त्या हवेला पुरेल इतके जास्त डिझेलही घेते. ताकद त्यातूनच येते. माझ्या इंजिनाचा पूर्ण जोर २००० आरपीएमला मिळतो आणि १८०० च्या खाली ते मरगळलेले असते. ही मरगळ टाळण्यासाठी शहरात बहुतेक जण प्रत्येक गिअर तीन हजारांपर्यंत ताणतात आणि पुढच्याच सिग्नलला ब्रेक दाबतात. मेडिकल चौकापासून अजनीपर्यंत हे रोज पाहायला मिळते. मी २००० च्या आसपास वरचा गिअर घेते आणि पाय हलका ठेवते. याचा अर्थ पाचव्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमवर गाडी कुंथत ठेवून पाय दाबून धरावा, असा नव्हे. तेव्हा टर्बो अजून जागा झालेला नसतो, हवेच्या आधी डिझेल पोहोचते आणि काजळी साठत जाते. तिथे खालचा गिअर घेणे हीच बचत असते.

वर्धा रोडवर वेगाचा हिशेब याहूनही सरळ आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ८० ऐवजी १०० ने गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. खापरीच्या पुढचे पंधरा मोकळे किलोमीटर धरले, तर १०० ने नऊ मिनिटे लागतात आणि ८० ने सव्वा अकरा. जामठ्याजवळ मला झपाट्याने मागे टाकणारी गाडी बुटीबोरीच्या चौकात बहुधा माझ्या दोन गाड्या पुढे उभी असते.

आता चौकटीतील त्या दोन सल्ल्यांकडे येते. उतारावर न्यूट्रल करण्याचा सल्ला जुन्या, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांच्या काळात इंधनाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. माझे वडील तेच करीत आणि त्यांचे बरोबर होते. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर घातलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की इंजेक्टर डिझेल बंद करतात आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केले, की इंजिन जिवंत ठेवण्यासाठी डिझेल पुन्हा सुरू करावे लागते. वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली उड्डाणपुलावरून उतरताना पुढे रहदारीत वेग कमी करायचाच असतो. अशा उतारावर न्यूट्रलने बचत होत नाही, उलट डिझेल लागते, आणि इंजिनाचा ब्रेकसारखा मिळणारा आधारही जातो.

पाच मिनिटे तापवण्याचेही तसेच. माझ्या आकाराचे डिझेल इंजिन नुसते उभे राहून तासाला साधारण अर्धा लिटर घेते. सकाळी पाच मिनिटे तापवणे आणि संध्याकाळी टर्बो गार व्हावा म्हणून पाच मिनिटे चालू ठेवणे, यात महिन्याला दोन लिटर जातात. नागपुरात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा अर्धा मिनिट पुरते. त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवले की तेल आणि इंजिन दोन्ही तापतात. संध्याकाळच्या सवयीमागे मात्र खरे कारण आहे. महामार्गावर जोरात आल्यावर लगेच किल्ली फिरवली, तर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जागीच करपते. पण त्यासाठी शेवटची दोन किलोमीटर संथ चालवणे आणि अर्धा-एक मिनिट थांबणे पुरेसे आहे. शहरातल्या लांब सिग्नलला इंजिन बंद करण्यात टर्बोला काहीही धोका नाही. महामार्गावरून भरधाव येऊन पहिल्याच ढाब्यावर थांबलात, तर मात्र थोडा धीर धरावा.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या टर्बो गाड्यांच्या मालकांची तक्रार वेगळी आहे आणि तिच्यात टर्बोचा दोष असेलच असे नाही. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणामुळे जुन्या रचनेच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला होता. तेवढी घट गृहीत धरून मग उरलेल्या घटीचे कारण शोधावे.

इंधन नळीवर बसवायची चुंबके आणि टाकीत ओतायच्या बाटल्या यांवर मी पैसे घालवून पाहिले आहेत. वहीत त्यांची नोंद आहे, फरकाची नाही. ईजीआर, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, बंद करून देण्याचा सल्लाही मला दोनदा मिळाला. त्याने विषारी नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये फक्त धुराची तपासणी होत असल्यामुळे ते प्रमाणपत्रावर दिसतही नाही, म्हणूनच तो सल्ला इतक्या सहज दिला जातो.

थर्मोस्टॅट बसवल्यानंतर आणि पाय हलका केल्यानंतर गेल्या चार महिन्यांत माझे ॲव्हरेज वीसच्या जवळ आहे, म्हणजे महिन्याला सत्तर लिटरच्या आसपास. शिवाय दोन सहकारी अजनी चौकातून सोबत येऊ लागल्यापासून त्याचे तीन वाटे होतात, आणि खरे सांगायचे तर वर लिहिलेल्या कोणत्याही उपायापेक्षा हा वाटा मोठा आहे.

त्यांच्यापैकी एकाने आपल्या पुरवणीतील ती चौकट कापून स्वतःच्या गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवली आहे आणि माझ्या सांगण्यापेक्षा छापील मजकुरावर त्याचा विश्वास अधिक आहे. तरी पुढील रविवारी न्यूट्रल आणि पाच मिनिटांच्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच आकाराच्या चौकटीत छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
रेशीमबाग, नागपूर